वाचकांचे प्रश्न: बिली द किडचा दुसरा पाठलाग

मागील अंकातील ‘यंग गन्स २’ या १९९० सालच्या वेस्टर्न चित्रपटाच्या परिचयानंतर बरीच पत्रे आली. ज्यांनी तो परिचय वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर १९८८ सालच्या ‘यंग गन्स’चा हा पुढचा भाग आहे. न्यू मेक्सिकोतील लिंकन परगण्यात व्यापाऱ्यांच्या दोन गटांत झालेले रक्तरंजित भांडण संपल्यावर बिली द किड हा कुप्रसिद्ध तरुण बंदूकबाज आणि त्याचे उरलेसुरले साथीदार कायद्यापासून पळत फिरतात आणि त्यांचाच जुना सोबती पॅट गॅरेट शेरीफ होऊन त्यांच्या मागावर निघतो, ही त्याची कथा आहे. पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. चित्रपटाचा शेवट उघड केल्याशिवाय ती देता येत नाहीत, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.

प्रश्न (कोल्हापूर येथील वाचक): पहिल्या भागाच्या अखेरीस निवेदक सांगतो की बिलीच्या साथीदारांपैकी डॉक स्करलॉक न्यूयॉर्कला गेला आणि चावेझ कॅलिफोर्नियाला. दुसऱ्या भागात मात्र दोघांनाही धरून परत आणले आहे आणि पुढे दोघेही मारले जातात. यातील खरे काय? डॉक खरोखरच स्टिंकिंग स्प्रिंग्जच्या वेढ्यात मेला का?

उत्तर: नाही. जोसाया स्करलॉक ऊर्फ डॉक हा लिंकन परगण्याच्या भांडणातून बचावलेल्या सर्वांत सुदैवी माणसांपैकी एक होता. तो टेक्सासमध्ये स्थायिक झाला, त्याने मोठा संसार केला आणि १९२९ साली ईस्टलंड या गावी वृद्धापकाळी त्याचे निधन झाले. होसे चावेझ इ चावेझ हाही त्या पाठलागात मारला गेला नाही. पुढे खुनाच्या गुन्ह्यात त्याला फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली गेली, १९०९ साली त्याची सुटका झाली आणि त्यानंतरही तो अनेक वर्षे जगला. चित्रपटात त्याला अर्धा नावाहो दाखवले आहे, तेही पटकथेचे दान आहे. प्रत्यक्षातील चावेझ न्यू मेक्सिकोच्या स्पॅनिशभाषक समाजातला होता.

मग पटकथाकार जॉन फुस्को यांनी असे का केले? त्यांना इतिहास ठाऊक नव्हता असे म्हणवत नाही, कारण अनेक बारीक तपशील त्यांनी अचूक उचललेले आहेत. माझ्या मते या चित्रपटातील बहुतेक असत्ये ही पहिल्या भागाने करून ठेवलेली उधारी आहे आणि दुसरा भाग ती निमूटपणे फेडत बसला आहे. डिसेंबर १८८०मध्ये स्टिंकिंग स्प्रिंग्ज येथे खरोखर मारला गेला तो चार्ली बाउड्री. परंतु पहिल्या भागाला आपल्या अखेरच्या मोठ्या चकमकीसाठी, म्हणजे जुलै १८७८मध्ये बिलीच्या गटाचे वकील मॅक्स्वीन यांच्या घराला पडलेल्या वेढ्यासाठी, एका लाडक्या पात्राचा बळी हवा होता, म्हणून त्यात चार्लीला अडीच वर्षे आधीच मारून टाकले. तेव्हा पुढचा भाग निघेल अशी कोणाची फारशी अपेक्षा नसावी, नाही तर निवेदकाच्या तोंडून सर्वांच्या पुढील आयुष्याचा हिशेब असा चुकता केला गेला नसता. दोन वर्षांनी त्या वेढ्यापाशी येऊन पोहोचल्यावर मरण्यासाठी चार्ली शिल्लकच नव्हता आणि त्याच्या जागी कोणाला तरी उभे करणे भाग होते.

ती जागा डॉकला मिळाली. यात एक योगायोग असा की डॉक आणि चार्ली हे प्रत्यक्षात साडू होते. एरेरा घराण्यातील दोन बहिणी या दोघांना दिलेल्या होत्या, आणि दोघांनी मिळून गुराढोरांचा धंदाही केला होता. चित्रपट या नात्याचा कोठेही उल्लेख करत नाही. तो केला असता, तर न्यूयॉर्कमध्ये शिक्षकाची शांत नोकरी करणाऱ्या डॉकला हातात बेड्या घालून परत आणण्याच्या प्रसंगाला आज आहे त्याहून कितीतरी अधिक वजन आले असते.

प्रश्न (नाशिक येथील वाचक): स्टिंकिंग स्प्रिंग्जचा वेढा प्रत्यक्षात कसा घडला, ते कृपया सविस्तर सांगावे. इतकी सराईत माणसे एका झोपडीत कशी अडकली?

उत्तर: त्यांना बर्फाने अडकवले. नोव्हेंबर १८८०मध्ये गॅरेट लिंकन परगण्याच्या शेरीफपदावर निवडून आला होता. नव्या पदाची मुदत जानेवारीत सुरू व्हायची होती, तरी तोवर न थांबता तो हत्यारबंद माणसांची तुकडी घेऊन बिलीच्या मागावर निघाला. १९ डिसेंबरच्या रात्री बिलीची टोळी फोर्ट समनरला येणार असा त्याचा अंदाज होता आणि तो बरोबर ठरला. पुढे असलेला टॉम ओफोलियर्ड गोळी लागून घोड्यावरून खाली आला आणि थोड्याच वेळात मेला, बाकीचे अंधारात निसटले. परंतु जमिनीवर बर्फ होते आणि बर्फावर घोड्यांच्या टापा लपवता येत नाहीत. त्या मागावरून गॅरेटची माणसे एका ओसाड दगडी खोपटापर्यंत पोहोचली आणि २३ डिसेंबरला उजाडण्यापूर्वीच त्यांनी ते घेरले.

बिलीला ओळखण्याची एक खूण गॅरेटने आपल्या माणसांना दिली होती, ती म्हणजे त्याची हॅट. तशीच हॅट घातलेला बाउड्री घोड्याला दाणा देण्यासाठी पहाटे बाहेर आला आणि बिली समजून त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. तो धडपडत आत गेला, तेव्हा बिलीने त्याच्या हाती पिस्तूल देऊन, मरायचेच आहे तर एखाद्याला घेऊन मर, अशा अर्थाचे काही सांगून त्याला पुन्हा बाहेर ढकलले, असे गॅरेटच्या बाजूचा वृत्तान्त सांगतो. बाउड्री कोणावरही गोळी न झाडता गॅरेटच्या दिशेने चालत आला आणि कोसळला. हा वृत्तान्त विजेत्या पक्षाचा आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. तरीही आपल्या नायकाची ही बाजू दाखवण्याचे धैर्य चित्रपटाला झाले नाही, याची मला खंत वाटते.

त्यानंतर आतली माणसे बाहेर बांधलेले घोडे दोरीने आत ओढून घेऊ लागली, कारण एकदम घोड्यांवर बसूनच बाहेर उसळी मारायची असा त्यांचा बेत असावा. गॅरेटने एका घोड्याला नेमके दारातच गोळी घातली. मेलेल्या घोड्याने दार अडले आणि तो बेत तिथेच संपला. मग वेढा घालणाऱ्यांनी बाहेर स्वयंपाक मांडला. कडाक्याची थंडी, पोटात अन्न नाही आणि वाऱ्याबरोबर आत येणारा शिजणाऱ्या जेवणाचा वास, अशा अवस्थेत सायंकाळपर्यंत सर्वांनी शरणागती पत्करली. बिली, डेव्ह रुडाबॉ, बिली विल्सन आणि टॉम पिकेट असे चौघे जिवंत हाती लागले.

चित्रपटात याच ठिकाणी डॉक आपल्या मित्रांसाठी स्वतःहून गोळ्यांसमोर जातो. किफर सदरलंड यांनी तो प्रसंग उत्तम केला आहे आणि चित्रपटगृहात तो परिणामकारक ठरतो, यात शंका नाही. पण फरारी माणसाचा शेवट बहुधा असा डौलदार नसतो. दारात मरून पडलेला घोडा आणि जेवणाच्या वासाने हार मानणारी भुकेली तरुण पोरे हे दृश्य जर कोणी जसेच्या तसे चित्रित केले असते, तर या पाठलागाबद्दल ते साऱ्या गोळीबारापेक्षा अधिक सांगून गेले असते.

प्रश्न (पुणे येथील वाचक): पॅट गॅरेट हा खरोखर मित्रद्रोही होता का? चित्रपट पाहून त्याचा संताप येतो.

उत्तर: तसा संताप यावा अशीच चित्रपटाची रचना आहे. सुरुवातीला गॅरेट बिलीबरोबर घोडा दौडवतो, हसतो, एकाच शेकोटीभोवती बसतो. मग गुरांचा बडा मालक जॉन चिझम आणि इतर प्रतिष्ठित मंडळी त्याच्यापुढे शेरीफपदाचा तुकडा टाकतात आणि तो उचलतो. विल्यम पीटरसन यांनी ही भूमिका कमी बोलून, चेहरा आवळून केली आहे. संपूर्ण चित्रपटात मनात काहीतरी चाललेले दिसते असा हाच एक माणूस आहे, असे मला वाटते.

कागदोपत्री जे मिळते त्यावरून इतके निश्चित म्हणता येते की गॅरेट आणि बिली यांची फोर्ट समनरमध्ये ओळख होती. गॅरेट आधी रानरेड्यांची शिकार करत असे, नंतर या वस्तीवर आला आणि दारूच्या गुत्त्यातही काम करू लागला. तेथे येणाऱ्याजाणाऱ्या तरुणांत बिली होता. त्यांची जिवाभावाची मैत्री होती, हे मात्र नंतरच्या दंतकथेने वाढवून सांगितलेले दिसते. इतक्या लहान वस्तीत सगळेच सगळ्यांना ओळखत असणार. चिझम आणि त्याच्यासारख्या गुरांच्या मालकांचा गॅरेटच्या निवडणुकीला पाठिंबा होता, हे खरे आहे. गंमत अशी की १८७८च्या भांडणात चिझमचा कल बिलीचा मालक टन्स्टॉल आणि वकील मॅक्स्वीन यांच्याकडे होता, म्हणजे बिली ज्या बाजूने लढला त्याच बाजूकडे. त्या काळच्या कामाचे पैसे चिझमने बुडवले, अशी बिलीची तक्रार होती आणि ती चित्रपटातही आली आहे. तेव्हा येथे द्रोह कोणी कोणाशी केला, याचे उत्तर एकट्या गॅरेटच्या गळ्यात बांधता येणार नाही.

गॅरेटच्या बाजूने एक प्रसंग सांगायला हवा, कारण चित्रपटात तो नाही. कैद्यांना घेऊन तो न्यू मेक्सिकोतील लास वेगास या गावी आला (हे जुगाराचे प्रसिद्ध शहर नव्हे), तेव्हा आगगाडीभोवती मोठा जमाव गोळा झाला. त्या जमावाला रुडाबॉ हवा होता, कारण त्याने तेथील तुरुंगाच्या पहारेकऱ्याचा खून केला होता. गॅरेटने त्याला जमावाच्या ताब्यात दिले नाही आणि गाडी सुरक्षितपणे सांता फेकडे नेली. पैशांसाठी विकला गेलेला माणूस असे वागेल का, याचा विचार पत्रलेखकांनीच करावा.

१८८२ साली गॅरेटच्या नावावर बिलीचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्याचा बराचसा मजकूर अ‍ॅश अप्सन या पत्रकाराने लिहिला होता. हा अप्सन चित्रपटात गॅरेटच्या तुकडीबरोबर फिरताना दिसतो. आपल्याच पाठलागाचा इतिहास लिहायला माणूस सोबत घेऊन निघालेला शेरीफ, ही कल्पना फुस्को यांनी विनोदाच्या अंगाने वापरली आहे आणि ती मला फार आवडली. त्या पुस्तकाने गॅरेटचे फारसे भले झाले नाही. पुढे १९०८ साली लास क्रुसेसजवळ त्याचाही गोळी घालून खून झाला.

प्रश्न (मडगाव येथील वाचक): गव्हर्नर बिलीला माफीचे वचन देतो आणि मोडतो, हा भाग कितपत खरा आहे?

उत्तर: या चित्रपटातील सर्वांत खरा भाग हाच आहे आणि तोच सर्वांत घाईने उरकलेला आहे. गव्हर्नर ल्यू वॉलेस हे १८७८ साली न्यू मेक्सिकोत आले. परगण्यातील भांडण मिटवण्यासाठी त्यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सार्वत्रिक माफी जाहीर केली. परंतु ज्यांच्यावर आधीच आरोपपत्र दाखल होते त्यांना ती लागू नव्हती, आणि परगण्याचे आधीचे शेरीफ ब्रेडी यांच्या खुनाचे आरोपपत्र बिलीवर होते. फेब्रुवारी १८७९मध्ये हस्टन चॅपमन या वकिलाचा लिंकनच्या रस्त्यात खून झाला आणि तो बिलीने डोळ्यांनी पाहिला. त्याने वॉलेस यांना पत्र लिहून साक्ष देण्याची तयारी दाखवली. मार्चमध्ये रात्रीच्या वेळी दोघांची गुप्त भेट झाली. बिलीने लुटुपुटीची अटक करून घ्यावी, साक्ष द्यावी आणि त्या बदल्यात त्याला माफी मिळावी, असे ठरले.

बिलीने अटक करून घेतली आणि साक्षही दिली. परंतु जिल्हा सरकारी वकील विल्यम रायनरसन हे विरोधी गटाशी जवळीक असलेले होते आणि त्यांनी खटला सोडण्यास नकार दिला. माफीचा कागद आलाच नाही. शेवटी बिली घोड्यावर बसून निघून गेला. दोन वर्षांनी सांता फेच्या तुरुंगातून त्याने वॉलेस यांना पुन्हा पत्रे लिहिली. मी कबूल केले ते सर्व केले, आपण मात्र काहीच केले नाही, असे त्याने त्यातील एका पत्रात स्पष्ट म्हटले आहे. त्या पत्रांना प्रतिसाद मिळाला नाही. दरम्यान नोव्हेंबर १८८०मध्ये वॉलेस यांची ‘बेन-हर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. अन्यायाने शिक्षा झालेल्या तरुणाची गोष्ट सांगून अफाट लोकप्रिय झालेल्या या लेखकाच्या टपालात त्याच काळात बिलीची पत्रे पडून होती, यावर मी वेगळे भाष्य करत नाही.

एप्रिल १८८१मध्ये मेसिया येथे बिलीला फाशीची शिक्षा झाली आणि १३ मे ही तारीख ठरली. त्याआधीच २८ एप्रिलला लिंकनच्या न्यायालयाच्या इमारतीतून, जेम्स बेल आणि बॉब ऑलिंजर या दोन पहारेकऱ्यांना मारून तो पळाला. ऑलिंजर तेव्हा इतर कैद्यांना घेऊन समोरच्या हॉटेलात जेवायला गेला होता. गोळीचा आवाज ऐकून तो धावत आला, तेव्हा वरच्या खिडकीत बिली त्याचीच बंदूक घेऊन उभा होता. चित्रपटात बिलीला पिस्तूल शौचकूपात लपवून ठेवलेले सापडते. ही एक जुनी समजूत आहे, आणि बारीक मनगटांतून बेडी काढून त्याने बेलच्या डोक्यात घातली ही दुसरी. त्यानंतर तो बराच वेळ गावात होता आणि त्याला अडवायला कोणीही पुढे आले नाही. त्याचा धाक होता म्हणून की त्याच्याबद्दल ममत्व होते म्हणून, हे ठरवणे कठीण आहे, बहुधा दोन्ही असावे.

या वचनभंगाचे प्रकरण २०१० सालापर्यंत लांबले. त्या वर्षी न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांनी मरणोत्तर माफीचा विचार केला आणि आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, ती नाकारली.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका येथील वाचक): चित्रपटाच्या आरंभी १९५० साली एक म्हातारा स्वतःला बिली द किड म्हणवतो. हा माणूस खरा होता का, आणि त्याचे म्हणणे खरे असू शकते का?

उत्तर: माणूस खरा, दावा बहुतेक खोटा. टेक्सासमधील हायको गावचा हा वृद्ध ‘ब्रशी बिल’ रॉबर्ट्स या नावाने ओळखला जात असे. नोव्हेंबर १९५०मध्ये तो न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर थॉमस मॅब्री यांच्यापुढे माफी मागण्यासाठी उभा राहिला. त्याच्या उत्तरांनी गव्हर्नरांचे समाधान झाले नाही आणि महिन्याभरातच, २७ डिसेंबरला, तो वारला. त्याच्या कुटुंबातील बायबलमधील नोंदीप्रमाणे त्याचा जन्म १८७९चा होता. ती नोंद खरी मानली, तर फोर्ट समनरमध्ये पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत १४ जुलै १८८१च्या रात्री गॅरेटने गोळी झाडली, तेव्हा हे गृहस्थ जेमतेम दोन वर्षांचे होते. दफनभूमीतील अवशेषांची तपासणी करून हा वाद मिटवण्याचे प्रयत्न या शतकाच्या आरंभी झाले, परंतु संबंधित गावांनी थडगी उकरण्यास विरोध केला आणि ते बारगळले.

चित्रपटकर्त्यांना मात्र या म्हाताऱ्याचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी झाला. बिली मेला असे पहिल्या भागाने सांगून टाकले होते. ज्याचा मृत्यू प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे त्याच्या पाठलागात उत्कंठा उरत नाही. म्हाताऱ्याच्या तोंडून कथा सांगितली की तो मृत्यू पुन्हा संशयास्पद होतो, आणि अखेरच्या प्रसंगात गॅरेटने नेमके काय केले हे कॅमेऱ्याने उघड न दाखवताही चालते. ही युक्ती मला इतिहास म्हणून मान्य नाही, पण पटकथा म्हणून चोख वाटते. पहिल्या भागाची दुसऱ्यावर जी उधारी होती, त्यातील एवढी एक रक्कम फुस्को यांनी व्याजासकट फेडली, असे म्हणता येईल.

प्रश्न (सोलापूर येथील वाचक): चिझमच्या भूमिकेतील वृद्ध नट ओळखीचे वाटतात. शिवाय त्या प्रसिद्ध गाण्याचे गायक चित्रपटात दिसतात असे ऐकले, ते कोठे?

उत्तर: चिझमच्या भूमिकेत जेम्स कोबर्न आहेत. १९७३ साली सॅम पेकिनपा यांनी याच विषयावर केलेल्या चित्रपटात तेच पॅट गॅरेट झाले होते. एकेकाळचा गॅरेट आता नव्या गॅरेटला कामावर ठेवतो, ही पात्रनिवड जाणून घेणाऱ्याला खास मजा देते. गॅरेटच्या तुकडीतील जॉन पो म्हणजे तरुण विगो मॉर्टेन्सन. दिग्दर्शक जेफ मर्फी हे न्यूझीलंडचे होते, आणि पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांच्या दुय्यम चित्रीकरण पथकाचे दिग्दर्शन करताना मर्फी आणि मॉर्टेन्सन पुन्हा एकाच कामावर आले.

गाण्याबद्दल सांगायचे, तर बिलीची भूमिका करणारे एमिलिओ एस्टेवेझ यांनी जॉन बॉन जोवी यांच्याकडे त्यांचे एक जुने गाणे मागितले होते. बॉन जोवी यांनी त्याऐवजी ‘ब्लेझ ऑफ ग्लोरी’ हे नवे गाणे लिहून दिले. ते १९९०च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, त्याला गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला आणि ऑस्करचे नामांकनही. स्वतः बॉन जोवी पडद्यावर क्षणभरच आहेत. डॉक आणि चावेझ यांना ज्या खड्ड्याच्या तुरुंगात डांबलेले असते तेथील एका कैद्याच्या रूपात ते दिसतात आणि सुटकेच्या धांदलीत गोळी लागून पडतात, त्यामुळे त्या प्रसंगी नजर पडद्यावरून हलवू नये.